न खेळता मिळालेला गुण

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडापानावर आमच्या गोल्फ संघाच्या विजयाची बातमी आली, फोटोही आला. चषक धरून मधोमध उभा असलेला जाड माणूस तो मी, संघाचा कॅप्टन. बातमीत चूक काहीच नव्हती. अंतिम सामना आम्ही अडीच विरुद्ध दीड गुणांनी जिंकला हे खरंच आहे. पण त्या अडीचमधला एक गुण आम्ही खेळून मिळवलेला नाही. याबद्दल हरलेल्या संघानं लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, हरले म्हणून कुरकुरतायत. म्हणून जिंकलेल्यातला मी लिहितोय.

गोल्फ म्हटल्यावर पान उलटणाऱ्यांसाठी थोडं आधी सांगतो. बेळगावात गोल्फचं मैदान आहे हे अर्ध्या गावाला कळलं ते 2022 च्या ऑगस्टमध्ये, बिबट्या शिरला तेव्हा. आजूबाजूच्या शाळा बंद ठेवल्या, शोधायला शिवमोग्याकडच्या सक्रेबैलहून हत्ती आणले, आणि तो पठ्ठ्या काही हाताला लागला नाही. आजही मी गोल्फ खेळतो म्हटलं की समोरचा आधी बिबट्याचंच विचारतो. दुसरा समज असा की हा शेठलोकांचा खेळ. माझ्यापुरता तो खरा आहे, उद्यमबागेत माझी लहानशी फाउंड्री आहे. पण आमच्या चौघांत एक मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार आहेत, एक विमा एजंट, आणि चौथा पोरगा पूर्वी याच मैदानावर कॅडी होता, आता सीएनसी मशीन चालवतो. लोकांच्या पिशव्या वाहता वाहता त्यानं हा खेळ जितका पाहिलाय तितका आम्ही तिघांनी मिळून पाहिलेला नाही. आमच्यात सगळ्यात चांगला तोच खेळतो.

स्पर्धा हौशी संघांची होती. चौघांचा संघ, चार एकेरी लढती, मॅच-प्ले. मॅच-प्लेमध्ये एकूण फटके मोजत नाहीत, एकेका होलचा, म्हणजे चेंडू घालायच्या एकेका भोकाचा, निकाल लागतो आणि ज्याचे होल जास्त त्यानं लढत मारली. लढतीला एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा-अर्धा. कमिटीच्या नियमपत्रिकेत, म्हणजे इंग्रजीत टाइप केलेल्या एका कागदावर, दोन कलमं होती. संघाचे चारही खेळाडू आपापल्या वेळेला पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे हवेत, नाहीतर अख्खा संघ बाद. आणि एकदा नावं दिली की बदली खेळाडू चालणार नाही.

ही कलमं कमिटीनं उगाच घातलेली नाहीत, हेही सांगायला हवं. मागे एका संघानं साखळीतले सामने घरच्या गड्यांवर काढले आणि अंतिम सामन्याला बाहेरगावचा एक तगडा खेळाडू आणून उभा केला. कारण काय, तर आमच्या माणसाची पाठ धरलीय. रात्रीच्या जेवणात ती पाठ कुठे दिसली नाही. तो माणूस वाढपाची बादली घेऊन पंगतीत फिरत होता. तेव्हापासून बदली बंद.

आता यंदाचं. समोरच्या संघात खानापूर भागातल्या एका शाळेचे मास्तर आहेत. सुगीचे दिवस होते. गुरुवारी भाताची मळणी चालू असताना ट्रॉलीवरून पोतं उतरवताना त्यांचा पाय सरकला, हातावर पडले, उजव्या मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. त्यांचे कॅप्टन चिक्कोडीकडच्या साखर कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यांनी शुक्रवारी सकाळीच कमिटीला फोन केला, सगळं सांगितलं. मास्तरांच्या आसपासच्याच हँडिकॅपचा (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा), नेहमी इथेच खेळणारा एक माणूस मोकळा होता, त्याचं नावही दिलं. उत्तर आलं, नियम म्हणजे नियम.

रविवारी मास्तर गळ्यात हात बांधून पहिल्या टीवर हजर. ते आले नसते तर बाकीच्या तिघांनाही खेळता आलं नसतं. प्लास्टरबाहेर आलेली बोटं सुजून चकाकत होती. डाव्या हातात ग्लोव्ह घालायचा होता. ग्लोव्हचा पट्टा मनगटावर ताणून चिकटवायला दुसरा हात लागतो, आणि दुसरा हात झोळीत. त्यांनी पट्टा दातात धरून ओढला. आमचा सीएनसीवाला लावून द्यायला पुढे झाला तर म्हणाले, "राहू दे की. एवढं तरी माझं मला करू दे." मग आठ नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी टोकाची काठी, एकट्या डाव्या हातात धरून त्यांनी फटका मारला. चेंडू दवातून गडगडत चाळीसेक पावलं गेला. टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्या आवडल्या नाहीत. मास्तरांनी टोपी काढली, सुभेदारसाहेबांशी डावा हात मिळवला आणि लढत सोडली. झालं, संघ नियमानुसार 'पूर्ण'. ओल्या गवतावर एका हातानं फटका मारताना ते पुन्हा त्याच हातावर पडले असते तर जबाबदार कोण, हे त्या कागदावर लिहिलेलं नाही.

मास्तरांचे हाल सगळ्यांनी पाहिले. सुभेदारसाहेबांचं काय झालं ते फार कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते गणेशपूरहून येतात. लढतीच्या दिवशी चारला उठायचं, दाढी, बूट चकाचक, उजाडायच्या आत पटिंगचा, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलायचा सराव. अंतिम सामन्याची त्यांना आठवडाभर झोप नव्हती. आणि मिळालं काय, तर एक हस्तांदोलन. विमा एजंटानं उत्साहात जाऊन अभिनंदन केलं, तर म्हणाले, "अभिनंदन कशाचं? घरातनं मैदानापर्यंत आलो, एवढंच की." मग त्यांनी आमच्या सीएनसीवाल्याची पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्याबरोबर शेवटच्या होलपर्यंत चालत गेले. कधीकाळी तो पोरगा त्यांच्या पिशव्या वाहायचा. पोरगा जिंकला. विमा एजंटाची बरोबरी झाली. मी हरलो, इंजिनिअरसाहेब माझ्यापेक्षा सरस खेळले. म्हणजे मैदानावर खरोखर खेळल्या गेलेल्या तीन लढतींत दीड-दीड. चषक ठरवला तो खानापुरातल्या भाताच्या ट्रॉलीनं.

हा पेच आपल्याच गावचा आहे असं नाही. अमेरिका आणि युरोपच्या व्यावसायिक गोल्फपटूंमध्ये रायडर कप होतो. तिथे शेवटच्या दिवशी दोन्हीकडचे बाराही खेळाडू एकेरी खेळतात. त्याआधी दोन्ही कॅप्टन एकेक नाव पाकिटात बंद करून देतात. समोरच्या संघातला कुणी जखमी होऊन उतरू शकला नाही, तर आपला पाकिटातला गडी बसतो आणि ती लढत न खेळता बरोबरीत धरतात. 1979, 1991, 1993 आणि 2025 अशी ही वेळ आलेली आहे. 1991 मध्ये किआवा आयलंडला अमेरिकेचा स्टीव्ह पेट मोटार अपघातात दुखावलेला होता. शनिवारी दुपारी तो खेळला, रविवारी नाही, आणि त्याच्यापायी युरोपच्या डेव्हिड गिलफर्डला धडधाकट असून बसावं लागलं. अमेरिका साडेचौदा विरुद्ध साडेतेरा अशी एका गुणानं जिंकली. दोन वर्षांनी युरोपच्या सॅम टॉरन्सचं पायाचं बोट चिघळलं, तेव्हा अमेरिकेचा लॅनी वॉडकिन्स स्वतःहून म्हणाला, माझं नाव घाला पाकिटात. अशी माणसंही असतात. आणि 2025 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ बेथपेजला युरोपच्या व्हिक्टर हॉवलंडची मान धरली, अमेरिकेचा हॅरिस इंग्लिश पाकिटात होता, अर्धा-अर्धा गुण वाटला गेला. युरोप 15-13 नं जिंकला. अमेरिकेचा कॅप्टन कीगन ब्रॅडली यानं हा नियम बदलायला हवा असं उघड बोलून दाखवलं.

आमच्या क्लबात हे वाचून काहीजण म्हणू लागले, आपणही पाकीट आणू. मला ते पटत नाही. चार जणांच्या संघात पाकिटात नाव कुणाचं जाणार? सगळ्यात कच्च्याचं. म्हणजे त्याला आधीच सांगितल्यासारखं की तुझ्यावाचून आमचं अडत नाही. शिवाय रायडर कपवाल्यांना पुढच्या आठवड्यात दुसरी स्पर्धा असते. आपल्याकडे माणूस एंट्री फी भरतो, रविवारची सुट्टी टाकतो, बायकोची बोलणी खातो, ते खेळायला. त्याला नुसतं बसवून ठेवून गुण दिला काय आणि अर्धा दिला काय, त्याच्या पदरात काहीच पडत नाही. एकाचं मनगट मोडलं म्हणून दुसऱ्या धडधाकट माणसाचा दिवस का मोडायचा?

फाउंड्रीत मोल्डर आला नाही म्हणून मी भट्टी थंड ठेवत नाही, बदली येतो आणि साचे भरले जातात. इथेही तेच हवं. प्रत्येक संघानं नावं देतानाच पाचवं नाव राखीव म्हणून द्यायचं. मधेच बाहेरगावचा पाहुणा आणायला वाव नको, म्हणून ते नाव पहिल्या दिवशीच फलकावर लागलं पाहिजे आणि त्याचा हँडिकॅप नोंदलेला पाहिजे. हँडिकॅप हा शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठांवरून निघतो, त्यामुळे राखीव गडी भारी असला तरी समोरच्याला त्या हिशेबानं फटके द्यावेच लागतात. भारी माणूस आणल्याचा बहुतेक फायदा तिथेच कापला जातो. तो बसणार जखमी माणसाच्याच जागी. बाकी तिघांचा क्रम जागचा हलवायचा नाही, नाहीतर दुखापतीच्या नावाखाली जोड्या लावायचे उद्योग सुरू होतील. आणि त्या लढतीचा पहिला चेंडू मारला जाईपर्यंत बदल करता आला पाहिजे. आमच्या बाबतीत फोन दोन दिवस आधी आला होता, हे लक्षात घ्या.

राखीवही आला नाही तर? मग अर्धा-अर्धा, पण एका संघाला एका मोसमात एकदाच. दुसऱ्यांदा पूर्ण गुण समोरच्याला. यावर आमचे विमा एजंट म्हणाले, मग तगडा प्रतिस्पर्धी समोर आला की कच्चा गडी पाय धरून बसेल आणि फुकट अर्धा गुण नेईल. बसेल की, एखादा बसेलही. म्हणून तर आधी राखीव, आणि अर्धा गुण नाइलाज म्हणून. पण एका लबाडाला अडवायला चार मास्तरांना प्लास्टरसकट टीवर उभं करायचं, हा हिशेब मला जमत नाही.

डॉक्टरांच्या दाखल्याची सूचनाही आली आहे. या खेळात बहुतेक वेळा पंच सोबत नसतो. झुडपातला चेंडू मारायच्या तयारीत आपल्याच धक्क्यानं हलला तर दंडाचा फटका ज्याचा त्यानं लावून घ्यायचा. तिथे माणसाचा शब्द चालतो आणि मोडलेल्या हाडासाठी सही-शिक्का हवा? शनिवारी रात्री खानापूरकडच्या एखाद्या खेड्यात कुणाचा ताप चढला तर तो दाखला आणणार कुठून? कॅप्टननं कमिटीला तोंडी सांगितलं की पुरे. ज्याचा शब्द खोटा निघाला त्याला पुढच्या वर्षी घेऊ नका.

खेळ चालू झाल्यावर दुखापत झाली तर गोष्ट वेगळी. उन्हानं भोवळ आली, चेंडू लागला, मधमाशी चावली, तर सावरायला कमिटी पंधरा मिनिटांपर्यंत वेळ देऊ शकते असा गोल्फच्या नियमांचा अर्थ लावलेला आहे. (मधमाशीचं उदाहरण लिहिणाऱ्यांनी आपल्याकडचं आग्यामोहोळ पाहिलेलं नसावं. त्याला पंधरा मिनिटं पुरायची नाहीत.) त्यानंतरही उभं राहता आलं नाही तर लढत सोडायची. यात मला बदल नको. तोवर समोरचा खेळलेला असतो, आघाडी त्यानं घामानं घेतलेली असते.

आणि कमिटीचं 'चारही हजर' हे कलम मूळ नियमांपेक्षाही कडक आहे. जोडीच्या फोरबॉल प्रकारात, जिथे दोघं आपापला चेंडू खेळतात आणि चांगला आकडा धरतात, तिथे जोडीदार नसला तरी एकटा माणूस सबंध फेरी खेळू शकतो. हे 23 व्या नियमात स्पष्ट दिलंय. उशिरा आलेला जोडीदार दोन होलांच्या मधे येऊन सामीलसुद्धा होऊ शकतो. फोरसम्समध्ये ते शक्य नाही, कारण तिथे एकच चेंडू दोघांनी आळीपाळीनं मारायचा असतो. संघस्पर्धांसाठी 24 वा नियम आहे, तो तसा छोटाच. संघात किती जण, किती जणांचे आकडे धरायचे, बरोबरीचं काय, हे कमिटीनं ठरवावं असं तो सांगतो. म्हणजे पुस्तकाकडे बोट दाखवायची सोय नाही. जे काही करायचं ते आपल्याच कमिटीच्या हातात आहे.

खरं विचाराल तर हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेनं यावर फार पूर्वीच तोडगा काढून ठेवलाय. आयझेनहॉवर ट्रॉफी 1958 मध्ये सेंट अँड्र्यूजला सुरू झाली. तेव्हा संघात चौघं असायचे आणि रोज त्यांतल्या तिघांचेच आकडे धरायचे. 2002 पासून संघ तिघांचा झाला, आकडे दोघांचे. एकाचा दिवस खराब गेला किंवा त्याला उतरताच आलं नाही, तरी संघ उभा राहतो. फक्त उरलेल्यांना चुकायला जागा राहत नाही, आणि दुखापतीची तेवढी किंमत रास्त आहे. आपणही एखाद्या वर्षी एकेरी लढतींऐवजी स्टेबलफर्ड गुणांवर (प्रत्येक होलला किती फटके लागले त्यावरून मिळणारे गुण) खेळून पाहावं, चौघांतल्या सर्वोत्तम तिघांचे गुण धरून. त्यात कुणी कुणाची वाट पाहत उभं राहत नाही, कारण समोर ठरलेला प्रतिस्पर्धीच नसतो. मला स्वतःला मॅच-प्लेची खुमखुमी जास्त आवडते, पण ते माझं झालं.

त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानं मला कुंबळेचं उदाहरण दिलं. 2002 मध्ये अँटिग्वात तुटलेल्या जबड्याला पट्टी बांधून त्यानं गोलंदाजी केली, ब्रायन लाराला पायचीत केलं. आपल्या कर्नाटकाचा माणूस, अभिमान मलाही आहे. पण तो कसोटी सामना होता, देशाचा संघ होता, आणि उतरायचं त्याचं त्यानं ठरवलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की तू चेंडू टाकला नाहीस तर बाकीचे दहा जण बाद. क्रिकेटवाल्यांनीसुद्धा आता डोक्याला मार लागला तर बदली खेळाडू 2019 पासून मान्य केलाय, आणि 2025 मध्ये बीसीसीआयनं देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीसाठीही तो आणला. खानापूरच्या मास्तरांना सोमवारी फळ्यावर लिहायचं असतं. त्यांचं मनगट एका चषकापायी पणाला लावायचा हक्क कुणालाच नाही.

चषक परत करायला मी गेलो होतो. निकाल बदलता येत नाही असं कळलं, तेही बरोबरच आहे. मग इंजिनिअरसाहेबांना फोन केला. "एन् माडोदु सर," काय करायचं आता, असं म्हणून ते हसले, पण मी सुचवलेलं त्यांना मान्य झालं. सहा महिने चषक आमच्याकडे राहील, सहा महिने चिक्कोडीला. सुभेदारसाहेबांनी वर एक अट घातली आहे: प्लास्टर सुटून हात मोकळा झाला की मास्तरांनी त्यांच्याशी राहिलेली लढत खेळायची, गुणाबिणाशिवाय. मास्तर तयार आहेत. एंट्री फी कोण भरणार यावर दोघांचं अजून जुंपलेलं आहे.

वर लिहिलेल्या सूचनांचा मसुदा आम्ही दोन्ही कॅप्टननी सह्या करून कमिटीकडे दिलाय. पुढच्या मोसमाच्या नावनोंदणीआधी बैठक होते, तिथे तो मांडला जाईल असं सांगितलंय. आणखी एक मागणी मी त्यात हातानं लिहून जोडली. नियमपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीत आणि कन्नडमध्येही छापा, कारण आता या मैदानावर खेळणाऱ्यांत मास्तर आहेत, माजी कॅडी आहेत, मशीनवर काम करणारी पोरं आहेत, आणि संघ बाद होईल हे कलम निम्म्या लोकांना टीवर उभं राहिल्यावर समजलं. छपाईचा खर्च पडत असेल तर तो माझ्या फाउंड्रीकडून घ्यावा. मुद्रकाकडून दर मागवून ठेवलेत.

आपला,
उद्यमबागेतला एक फाउंड्रीवाला
टिळकवाडी, बेळगाव